अर्ध्या किमतीची गिटार

नवी कोरी वस्तू अर्ध्या किमतीत मिळतेय म्हटल्यावर माणसं हरखतात. भिंगबाईनं मात्र भुवया उंचावल्या.

तिचा धंदाच तसला. शर्टांच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची. शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, शंका आली की भिंगाखाली धरायचं आणि नाक मुरडून मागं फेकायचं. कारागीर तिला पाठीमागं भिंगबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. संध्याकाळी भिंग पर्समध्ये जायचं, पण नजर काही पर्समध्ये जायची नाही. शेजारीण उसनी साखर परत द्यायला आली तर ही आधी वाटी बघायची, मग शेजारणीचं तोंड. रिक्षावाल्यानं सरळ रस्त्यानं आणून सोडलं तर घरी येऊन म्हणायची, "आज एवढा सरळ कसा आला?" असल्या बाईपुढं लेकीनं अर्ध्या किमतीचं नाव काढलं. पोरगी खुळीच म्हणायची.

"आई, काकांनी गिटार शोधलीय. पोकळ गिटार. अगदी बाबांच्या मॉडेलची," लेक चप्पल काढता काढताच म्हणाली. "कंपनीनं ते जुनं मॉडेल परत काढलंय. दुकानात पाच आहेत, पाचही अर्ध्या किमतीत."

"का?"

"का म्हणजे? सूट आहे."

"सूट का आहे, ते विचारतेय मी. आणि पाचही का?"

लेकीनं कपाळाला हात लावला.

आता ही पोकळ गिटार काय प्रकार आहे ते सांगतो, म्हणजे पुढची भानगड कळेल. हल्लीच्या इलेक्ट्रिक गिटारी बहुतेक भरीव असतात, आत नुसतं लाकूड. पूर्वी त्या आतून रिकाम्या असायच्या. पोट फुगीर, आणि पोटावर दोन बाजूंना दोन वळणदार चिरा. आवाज असा गोल नि मऊ यायचा, की ऐकणारा दोन घास कमी खाऊन ऐकत बसेल. पण या पोकळ बाईसाहेबांना एक खोड होती. स्पीकर जरा चढवला की त्याचा आवाज हिच्या पोटात शिरायचा, पोटातला फिरून स्पीकरमध्ये जायचा, आणि कुणी तार छेडलेली नसताना गिटार आपली आपणच कोकलायला लागायची. त्या खोडीपायीच तर लोक भरीव गिटारींकडं वळले.

भिंगबाईचा नवरा मात्र वळला नाही. ऑर्केस्ट्रात तो जन्मभर तीच एक पोकळ गिटार वाजवत राहिला. त्याचा धाकटा भाऊ त्याच ऑर्केस्ट्राचे माइक आणि स्पीकर सांभाळायचा. राम-लक्ष्मण म्हणावे असे भाऊ. पुढं नवरा आजारी पडला, इस्पितळात गेला आणि आलाच नाही. तेराव्या दिवशी नाही, चौदाव्या दिवशी नाही, पण महिन्याभरानं भिंगबाईचं लक्ष भिंतीकडं गेलं. खुंटी रिकामी होती.

तिनं दिराला विचारलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मी विकली, वहिनी. जुन्या सामानवाल्याला. लाकूड किडलं होतं."

किडलं होतं? रोज फडक्यानं पुसलेलं लाकूड? भिंगबाई तेव्हा काही बोलली नाही. नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईनं दिराशी भांडायचं तरी कुठल्या तोंडानं. पण मनात गाठ बसली ती बसलीच. या माणसानं भाऊ जाताच भावाची गिटार फुंकली, पैसे खिशात घातले आणि वर आपल्या तोंडाला पानं पुसली. त्या दिवसापासून दीर आला की त्याला चहा मिळायचा, पण सोबत बसायला ती थांबायची नाही. सात-आठ वर्षं हे असं चाललं होतं. दीरही मुकाट्यानं चहा प्यायचा, कप स्वतःच विसळून ठेवायचा आणि जायचा.

आणि आता तोच दीर पोरीला दौऱ्यावर न्यायचं म्हणत होता. पोरगी बापासारखी वाजवायची, गळाही बरा होता. काकाच्या नव्या ऑर्केस्ट्राला गिटारवाली हवी होती. तीन महिने गावोगाव. लेकीनं हट्ट धरला होता, आणि भिंगबाईनं ना हो म्हटलं होतं, ना नाही. सख्ख्या भावाला ज्यानं टोपी घातली त्याच्या हाती पोटची पोर द्यायची? त्यात ही गिटार. तीही त्यानंच शोधलेली. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"चल," ती लेकीला म्हणाली. "मी बघते तुझी सूट."

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार जाडजूड, गोड बोलणारा, आणि गोड बोलणारा म्हटल्यावर भिंगबाईनं पर्स छातीशी धरली. पाचही गिटारी एका रांगेत टांगलेल्या. गडद मधाच्या रंगाच्या, कडेला पांढरी किनार. पहिल्यांदा पाहिल्यावर तिचा हात आपोआप पुढं गेला, कारण तीच होती ती. तोच फुगीरपणा, त्याच चिरा. पण ती लगेच सावरली. रडायला आली नव्हती ती, तपासायला आली होती.

"नव्या कोऱ्या गिटारी अर्ध्या किमतीत देताय, म्हणजे काहीतरी फुटलंय," ती म्हणाली.

"छे हो, ताई. कंपनीची स्कीम आहे."

"कंपनीला काय स्वप्न पडलं?"

दुकानदार हसला, पण हसताना त्यानं पंख्याकडं बघितलं. भिंगबाईनं ते टिपलं. तिनं एक गिटार खाली काढायला लावली आणि कामाला लागली. मान तपासली, किनार तपासली, सांध्यावरून नख फिरवलं. भिंग काढून पॉलिश बघितलं. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या आल्या. कुठंही खोट सापडेना. खोट सापडत नाही म्हटल्यावर तिचा संशय आणखी वाढला.

"आत काय आहे?" तिनं विचारलं.

"आत? आत काय असणार, पोकळच आहे."

"पोकळ आहे ते मला सांगू नका."

आणि तिनं उजव्या चिरेतून दोन बोटं आत सरकवली. दुकानदार "अहो, अहो" करेपर्यंत तिची बोटं कितीतरी आत गेली होती. बारीक, लांब बोटं होती तिची. ब्रिजखाली, म्हणजे तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिच्या एका पायाच्या बरोबर खाली, बोटांना काहीतरी लागलं. उभा लाकडी तुकडा. वर पोटाला आणि खाली पाठीला चिकटवलेला. तिनं त्याच्याभोवती बोट फिरवलं. दोन्ही टोकांना रुंद, मध्ये कंबर.

तिनं हात बाहेर काढला. काही न बोलता दुसरी गिटार काढायला लावली. मग तिसरी. मग उरलेल्या दोन. पाचही गिटारींच्या पोटात, त्याच जागी, तोच तुकडा होता.

"तो होय," दुकानदार उत्साहानं म्हणाला, "ती तर या मॉडेलची खासियत आहे. कंपनीनं एका जुन्या कलाकाराची अस्सल गिटार मिळवली आणि ती आतून-बाहेरून मापून ही काढली. आतला हा खांबसुद्धा जसाच्या तसा. त्यातच तर सगळी जादू आहे म्हणतात."

भिंगबाई स्टुलावर बसली. जादू कसली घेऊन बसलाय हा? दोऱ्याचं रीळ होतं ते. कारखान्यातलं, जुन्या पद्धतीचं, सडपातळ लाकडी रीळ. तिनं स्वतः कानशीनं घासून मापाचं केलं होतं, दोरा बांधून चिरेतून आत सोडलं होतं आणि या दोन बोटांनी सरस लावून उभं केलं होतं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. गिटार फार कोकलते, आत टेकू द्यायला हवा, पण माझी जाडी बोटं जात नाहीत, असं नवरा म्हणाला होता, आणि ही म्हणाली होती, द्या इकडं. त्या संध्याकाळी कार्यक्रमाहून आल्यावर तो म्हणाला होता, "काय केलंस गं? आज एकदासुद्धा कोकलली नाही." कारखान्यात एवढे शर्ट तपासले, पण तिला आयुष्यात कुठल्या कामाचा अभिमान असेल, तर तो या एका रिळाचा.

म्हणजे गिटार जुन्या सामानवाल्याकडं गेलीच नव्हती. थेट कंपनीकडं गेली होती. अस्सल नमुना म्हणून. त्याचे काय पैसे आले असतील, देव जाणे. किडलं होतं म्हणे लाकूड.

"काकांकडं चल," ती लेकीला म्हणाली. "आणि ही एक गिटार वाजवून बघायला घे. तासाभरानं परत आणू."

दिराचं गोदाम जवळच होतं. स्पीकरच्या थप्प्या, भिंतीवर वायरींची भेंडोळी, मध्ये एक टेबल. वहिनी आपल्या पायांनी आपल्याकडं आली, हे बघून तो गडबडला. त्यानं खुर्ची पुसली. ती बसली नाही.

"भावजी, यांची गिटार कुणाला विकलीत?"

त्यानं पोरीकडं बघितलं, पोरीच्या हातातल्या गिटारीकडं बघितलं. "झालं ते झालं, वहिनी. आता कशाला..."

"हिच्या पोटात माझं रीळ आहे. पाचही गिटारींच्या पोटात आहे. आतापर्यंत मी मूग गिळून बसले, आज नाही बसायची. पोरीसमोर सांगा. किती घेतलेत आणि कुठं घातलेत?"

पोरगी मध्येच "आई" म्हणाली. भिंगबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

दीर बराच वेळ हातातली वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मी नाही विकली. दादानं विकली. इस्पितळातून. कंपनीचा माणूस अस्सल नमुना शोधत फिरत होता, दादानं त्याला खाटेपाशी बोलावून घेतलं. बिल भरायचं होतं. घरून गिटार मी नेऊन दिली."

"बिल ऑर्केस्ट्रातल्या मित्रांनी वर्गणी काढून भरलं."

"आमच्या ऑर्केस्ट्रात एकाच्याही खिशात दमडी नव्हती, वहिनी. तुम्हाला खरंच वाटलं होतं?"

तिला खरंच वाटलं होतं. सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या बाईनं हे एक बिनतपासता पुढं जाऊ दिलं होतं.

"मग लपवायचं काय होतं त्यात?" तिचा आवाज चढला. "चोरी का होती ती? मला सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं का? का तुम्ही आता मेलेल्या माणसाच्या नावावर खपवताय?"

दिरानं वायरचं एक टोक पोरीच्या गिटारीला लावलं, दुसरं मोठ्या स्पीकरला. पोरीला स्पीकरसमोर उभं केलं, जसं कलाकारानं उभं राहावं तसं, समोर लोक बसलेत असं धरून. आवाज चढवला आणि म्हणाला, "तारेला हात लावू नकोस."

क्षणभर शांत होतं. मग गिटारीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज निघाला, वाढत गेला, आणि बघता बघता अशी काही कोकलायला लागली की भिंतीवरच्या वायरी थरथरल्या. पोरीनं घाबरून तारा दाबल्या, तरी थांबेना.

"आता तिरकी हो," दीर ओरडला. "डावा खांदा मागं घे. अजून. मान फक्त लोकांकडं ठेव."

पोरगी तिरकी झाली. आवाज चट्‌कन थांबला.

भिंगबाई बघतच राहिली. ते उभं राहणं ती ओळखत होती. अंग एकीकडं, मान भलतीकडं. नवरा अगदी असाच उभा राहायचा, प्रत्येक कार्यक्रमात, जन्मभर. आता सांगून टाकायला हरकत नाही, पण त्या तिरकं उभं राहण्यावरून तिनं त्याला कमी छळलं नव्हतं. कारण त्या बाजूला गायिका उभी असायची. "तिच्याकडं एवढं वळून काय बघता?" असं तिनं किती वेळा विचारलं होतं, आणि तो नुसता हसायचा. त्या हसण्याचाही तिला संशय यायचा.

"रीळ चुकीच्या बाजूला लागलं होतं, वहिनी," दीर हळूच म्हणाला. "टेकू जाड तारांच्या बाजूला हवा. तो बारीक तारांच्या बाजूला बसला. जाड बाजू मोकळीच राहिली, आधीपेक्षा जास्त घुमायला लागली. पहिल्याच कार्यक्रमात आम्हा दोघांना कळलं. मी म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, हात लावायचा नाही. बायकोनं बोटं सोलून घेऊन लावलंय. मग आम्ही स्पीकर सरकवले आणि तो तिरका उभा राहायला लागला."

"चुकीच्या बाजूला कसं लागेल?" ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं तिथंच लावलं मी. मांडीवर घेतल्यावर वरच्या अंगाला, म्हणाले. न्हाणीघरात दाढी करत होते, आतून ओरडून सांगितलं. मी तारा काढल्या, गिटार मांडीवर घेतली..."

आणि बोलता बोलता तिनं हवेतच गिटार मांडीवर घेतली. ती डावखुरी होती. गिटारीची मान उजवीकडं आली.

पोरीनं आपल्या हातातली गिटार बघितली, मग आईचे हात बघितले, आणि तिला कळलं. उलटी धरली की वरचं अंग खाली जातं आणि खालचं वर येतं. तारा असत्या तर दिसलं असतं. तारा काढलेल्या होत्या.

"कंपनीच्या माणसानं आत बघितलं," दीर म्हणाला. "विचारलं, हे काय? खरं सांगायचं तर बायकोची चूक आहे म्हणावं लागलं असतं. तो म्हणाला, तीच तर खुबी आहे, जशीच्या तशी करा. आणि मला बजावलं, गिटार कुठं गेली ते तिला कळता कामा नये. कंपनी तशाच नव्या काढणार, ही बघायला जाणार, बोटं घालणार, आणि कुणीतरी सांगणार की चुकलंय. मी विकली म्हण. तुझ्यावर चिडेल, पण तेवढं तू सोस." तो थांबला. "त्या शहाण्यांनी खरोखर जशीच्या तशी केली. जो घेऊन जातो तो आठवड्यात परत आणून टाकतो. म्हणून अर्धी किंमत. मी पोरीसाठी एक घेऊन गुपचूप रीळ बरोबर बसवणार होतो, तुम्ही आधीच दुकान गाठलंत."

सूट का आहे, हे भिंगबाईला आता कळलं होतं. मघापासून ती पाच गिटारींत दुसऱ्या कुणाची तरी खोट शोधत होती.

ती खुर्चीवर बसली. "एकदा सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "मी काही रागावले नसते."

"रागावला असतात, वहिनी."

"हो," ती म्हणाली. "रागावले असते." आणि मग तिला रडू फुटलं. ती अशी रडली, जशी नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती. "यांची मान दुखायची हो. रोज रात्री शेकायचे मी. डावी बाजू अशी दगडासारखी झालेली असायची. मी म्हणायचे, गिटार जड आहे, हलकी घ्या. हे म्हणायचे, जड आहे खरी. आणि तुम्ही, भावजी, तुम्ही माझ्याकडं येत राहिलात. मी तुम्हाला काय काय समजत होते, आणि तुम्ही कप विसळून जात होतात."

"दादाची आज्ञा होती," तो म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरून आले. पण पुरुषमाणूस, त्यानं लगेच स्पीकरचं बटण बंद करण्याचं निमित्त काढलं.

भिंगबाईनं पदरानं डोळे पुसले. नाक ओढलं. मग लेकीला म्हणाली, "दुकानदाराला फोन लाव. ही आपण घेतली म्हणून सांग. आणि तारा सैल कर."

"राहू दे ना आई," लेक म्हणाली. तिचाही आवाज जड झाला होता. "बाबांसारखं तिरकं उभं राहून वाजवेन मी. मला आवडेल."

"तुला आवडेल. मला नाही आवडायचं. आणखी एक मान नाही दुखवायची मला."

तारा सैल झाल्या. दिरानं पातळ पातं दिलं. तिनं ते चिरेतून आत घातलं, रिळाखाली सरकवलं आणि अंदाजानं पिळलं. कट्‌कन सरस सुटला. दिरानं लांब चिमट्यानं रीळ बाहेर काढलं. कंपनीनं ते चांगल्या लाकडात कोरलं होतं, वर पॉलिशही केलं होतं. तिनं ते हातात धरून जरा वेळ बघितलं, मग दोन्ही टोकांना नवा सरस लावला.

"भावजी, इकडं या. असे माझ्यासमोर बसा," ती म्हणाली. "मला आतलं दिसत नाही, आणि मी उलटी धरते. बॅटरी घ्या आणि दुसऱ्या चिरेतून बघत राहा. कुठं ते तुम्ही सांगायचं."

तो गुडघे टेकून बसला, बॅटरी लावली. तिनं रीळ दोन बोटांनी आत सरकवलं. "अजून थोडं माझ्याकडं," तो म्हणाला. "अजून. थांबा. जरा मागं. हं. आता बरोबर घोडीच्या जाड तारांकडच्या पायाखाली आलं. दाबा."

तिनं दाबलं. सरस धरेपर्यंत बोटं आत तशीच ठेवून ती बसून राहिली, आणि तोही गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. पोरगी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

"सुटलं नाही ना?" शेवटी भिंगबाईनं विचारलं.

त्यानं पुन्हा एकदा आत उजेड टाकला. "नाही. बरोबर बसलंय, वहिनी."

तिनं बोटं बाहेर काढली, फडक्याला पुसली आणि गिटार लेकीच्या हातात दिली. "दौरा कधी निघतोय?" तिनं दिराला विचारलं. पर्समधलं भिंग तिनं काढलं नाही, आणि आत पुन्हा बोट घालून पाहिलंही नाही.